मिरवणे आणि मिरवणूक

आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात, अंतर्गत मूल्यमापनाच्या जुन्या गठ्ठ्यांमागे एक पदक पडून आहे. निळी फीत, फितीवर पुरस्कर्त्यांची नावे आणि खाली चहाच्या बशीएवढी चकती. वजन असे की कागद दाबून ठेवायला उपयोगी पडावे. काही दिवस ते त्या कामी वापरलेही. हे पदक कोणाचे, असे नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी विचारले, तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी 'विभागाचे' असे उत्तर दिले. उत्तर खोटे होते. पदकही एका अर्थी खोटेच आहे, आणि त्याविषयी लिहायचे म्हणूनच हे लिहिणे.

येथील 'आम्ही' हे आदरार्थी नव्हे, संपादकीयही नव्हे; ते साधे अनेकवचन आहे. एकाच महाविद्यालयात, एकाच मराठी विभागात अठरा वर्षे शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या आम्ही दोघी. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. २०२१ साली, टाळेबंदीची बंधने सैल होत होती तेव्हा, महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे चालू लागलो. चालण्याचे धावणे कधी झाले ते नेमके सांगता येत नाही. विद्यार्थी त्याला 'पळणे' म्हणतात, शहरातील मंडळी 'रनिंग' म्हणतात, आणि आमच्यापैकी एकीच्या सासूबाई 'हे काय नवीन' म्हणतात. पुढील मजकुरात जे एकीच्या हातून घडले ते कोणत्या एकीच्या, हे आम्ही सांगणार नाही. दुसरी त्या वेळी शेजारीच उभी होती आणि गप्प होती, त्यामुळे त्या फरकाला फारसा अर्थ नाही.

धावणाऱ्यांच्या जगात शिरताना आम्हांला वाटले होते की येथे फक्त पाय लागतात. प्रत्यक्षात तेथे एक अलिखित आचारसंहिता आहे आणि तिच्यातील बरीचशी कलमे कपड्यांविषयी आहेत. आमच्या गावातील धावणाऱ्यांच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. दीक्षा त्यांनीच दिली, मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर. ज्या शर्यतीचा शर्ट, तो त्या शर्यतीत घालायचा नाही. याची दोन कारणे त्यांनी सांगितली. एक व्यावहारिक : कोऱ्या कपड्याने काखेत आणि मानेपाशी कातडी सोलवटते. दुसरे कारण त्यांनी आवाज जरा खाली आणून सांगितले, "जे अजून झालं नाही ते अंगावर घेऊ नये." आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवे कपडे शिवत नाहीत, जुन्या लुगड्यांची दुपटी करून ठेवतात, त्याच जातीचा हा संकोच आहे हे आम्हांला लगेच कळले. पुढचे कलम असे की अपुऱ्या राहिलेल्या शर्यतीचा शर्ट कधीच घालायचा नाही. तो भाच्याला द्यावा किंवा त्याने सायकल पुसावी. बेचाळीस किलोमीटरचा शर्ट पाच किलोमीटरच्या हौशी शर्यतीत घालून जाऊ नये, कारण तेथे आयुष्यात पहिल्यांदा पळणारी माणसे आलेली असतात. आणि पदक? ते मैदानावर गळ्यात शोभते, गाडीत चालते, घरच्यांना दाखवेपर्यंत क्षम्य आहे. आंघोळीच्या वेळी उतरवले की पुन्हा घालायचे नाही. लंडन आणि न्यूयॉर्क येथे शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पदक गळ्यात घालून कचेरीत जाण्याची रीत आहे आणि तिला कोणी हसत नाही, ही माहितीही काकांचीच. "पण मंगळवारी घातलं तर लोक बघतात," असे ते म्हणाले. काकांनी लंडन पाहिलेले नाही, पण हे मंगळवारचे त्यांनी अशा खात्रीने सांगितले की आम्ही वहीत टिपून ठेवले.

काही ठिकाणी आदल्या दिवशी छातीवरच्या क्रमांकाबरोबर जो शर्ट हातात देतात, त्याच्या पाठीवर 'फिनिशर' असे आधीच छापलेले असते. काकांना याचा फार राग येतो. आम्हांला तो व्याकरणाचा दोष वाटतो. भविष्यकाळाच्या जागी भूतकाळ वापरलेला असतो, आणि तोही शाईने.

मिरवणे या क्रियापदाविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोललो आहोत. जुन्या मराठीत मिरवणे म्हणजे शोभणे, झळकणे. त्यात निंदा नव्हती. देव मिरवतो, चंद्र मिरवतो. पुढे केव्हातरी त्या शब्दाला नाक मुरडण्याची छटा आली आणि आज 'ती फार मिरवते' हे वाक्य कौतुकाने उच्चारणे जवळजवळ अशक्य आहे. मात्र त्याच धातूपासून झालेली 'मिरवणूक' या बदनामीतून सुटली. गणपतीची मिरवणूक, नवरदेवाची मिरवणूक, निवडून आलेल्याची मिरवणूक. मिरवणे आपले आपण करतो. मिरवणूक दुसऱ्यांनी काढायची असते, मिरवला जाणारा फक्त वर बसतो आणि शक्य तेवढे अवघडलेले दिसतो.

आत्मस्तुतीविषयी आपली परंपरा बरीच कडक आहे. दासबोधातील दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खलक्षणांची जी यादी येते, तिच्यात आपली स्तुती आपणच करणारा अगदी आरंभी सापडतो, आणि वडिलांची कीर्ती सांगणारा त्याच ओवीत त्याच्या शेजारी बसतो. कर्णपर्वात तर प्रकरण फार पुढे जाते. गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. ते शब्द निघतात युधिष्ठिराच्या तोंडून. कृष्ण तोड काढतो : वडिलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध, तेव्हा तू त्याला केवळ बोल. अर्जुन बोलतो, मग पश्चात्तापाने स्वतःचाच वध करायला निघतो. त्यावर कृष्णाची दुसरी तोड अशी की, तू स्वतःची स्तुती कर, तोच तुझा आत्मवध. आणि अर्जुन ती करतो. एम.ए.च्या वर्गात हा प्रसंग सांगताना विद्यार्थी हसतात, आम्हीही हसतो. पण शाल अंगावर घेऊन मंचावर बसल्यावर हा प्रसंग आठवला तर तितके हसू येत नाही.

ग्रीकांनी यातून वेगळी वाट काढली होती. ऑलिंपियाच्या विजेत्याला ऑलिव्हच्या पानांचे कडे मिळे, धातूचे काही नाही. स्तुतीचे काम पिंडारसारख्या कवीकडे, मोबदला देऊन. गंमत अशी की त्याच्या गाजलेल्या पहिल्या ऑलिंपिक गीतात ज्याचा गौरव आहे तो सिराक्यूजचा राजा हिएरॉन स्वतः धावलेला नव्हता. इसवीसनपूर्व ४७६ च्या त्या शर्यतीत धावला होता त्याचा घोडा. आधुनिक ऑलिंपिकमध्ये, १८९६ साली अथेन्सला, पहिल्या क्रमांकाला रुपेरी पदक आणि ऑलिव्हची फांदी दिली गेली. सुवर्णपदक १९०४ पासूनचे. आणि गळ्यात पदक घालण्याची जी पद्धत आपल्याला अनादी वाटते ती तर १९६० च्या रोमपासूनची. तोवर पदक हातात दिले जाई. हातात दिलेली वस्तू माणूस खिशात ठेवू शकतो, घरी गेल्यावर आईला काढून दाखवू शकतो. गळ्यात घातलेल्या वस्तूला ही सोय राहत नाही.

आमच्याकडे ती राहिली नाही.

डिसेंबर २०२२. शेजारच्या जिल्ह्यातील एक अर्धमॅरेथॉन, २१.०९७५ किलोमीटर. (पुढे सत्कारात तिचा उल्लेख सरसकट 'मॅरेथॉन' असा झाला. ४२.१९५ चा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. आमच्या भागात मात्र गावच्या वेशीपासून देवळापर्यंत पोरे पळाली तरी तिला मॅरेथॉन म्हणतात.) दोघी बरोबर निघालो, दहाव्या किलोमीटरला एक पुढे गेली. पंधराव्याच्या पुढे, उतारावर, मागे राहिलेलीच्या गुडघ्याने नकार दिला. ती रस्त्याच्या कडेला बसली. थोड्या वेळाने मागून आयोजकांची गाडी आली, तिच्यात अशीच आणखी चार माणसे होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. गाडीने त्यांना मैदानात आणून सोडले ते नेमके शेवटच्या कमानीच्या आतल्या बाजूला. तेथे शाळेची मुले ओळीने उभी होती आणि छातीवर क्रमांक दिसेल त्याच्या गळ्यात पदक घालत होती. पंधरा वर्षांचा एक मुलगा पुढे आला, "वाका ना मॅडम" म्हणाला. ती वाकली.

नाही म्हणायला वेळ होता. मुलाने फीत सरळ केली, पदकाची छापील बाजू वर केली, अभिनंदन केले. एवढ्या वेळात कोणालाही सांगता आले असते, अरे, माझी शर्यत पूर्ण झालेली नाही. आम्ही नंतर यावर पुष्कळ चर्चा केली आहे. ज्या पायांनी त्याआधी कधी बारा किलोमीटरही पार केले नव्हते, त्यांनी त्या दिवशी पंधरा केले होते, तेव्हा शरीराला ते पदक आपले वाटले असावे, असा एक बचाव आहे. मुलाचा हिरमोड करणे जिवावर आले, असा दुसरा आहे. दोन्ही बचाव आमचेच असल्यामुळे आमचा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. मग पुढे गेलेली भेटली, दोघींनी खांद्याला खांदा लावून छायाचित्र काढले. ते पाठवले कोणी, तर जिने शर्यत पूर्ण केली होती तिने, म्हणजे ज्या गोष्टीला तोवर लाजिरवाणी चूक म्हणता आले असते तिला पुरावा तयार झाला. क्रमांकाच्या मागे चिकटवलेल्या चिपेने मात्र आपले काम चोख केले होते. निकालाच्या यादीत एका नावापुढे वेळ होती, दुसऱ्या नावापुढे डी.एन.एफ. ही तीन अक्षरे : शर्यत अपूर्ण. आमच्या महाविद्यालयात निकालाच्या याद्या पाहण्याचे काम परीक्षा विभागाचे, आणि त्यांनी ही यादी पाहिली नाही.

सोमवारी प्राध्यापककक्षात पोहोचण्याआधी छायाचित्र पोहोचले होते. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला. त्या आठवड्यात क्रीडा विभागाचा कार्यक्रम होताच. त्यात शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे एकेक फूल देऊन दोघींचा सत्कार झाला. मराठीच्या मॅडम घाट पळतात मग तुम्हांला काय झाले, असे विद्यार्थ्यांना विचारण्यात आले. पदके गळ्यात घालून या, असा निरोप आधीच आला होता. काकांच्या हिशेबाने वार गुरुवार होता.

या सगळ्यात आम्ही एकच नियम पाळला. पाठीवर 'फिनिशर' छापलेला तो शर्ट, जिची शर्यत अपुरी राहिली तिने घातला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलासुद्धा नाही. पदक घेतले, शाल घेतली, टाळ्या घेतल्या आणि शर्ट घातला नाही. शुचितेची माणसाची कल्पना कोठे येऊन अडकेल याचा नेम नाही.

मैदानावर पहाटे आमच्याबरोबर आणखी एक मुलगी पळत असे. आमचीच विद्यार्थिनी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मराठी विषय. 'आमच्याबरोबर' हे म्हणायचे. आमची एक फेरी होईतो तिच्या दोन होत. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, सारे मिळून ५० गुण. त्यातून पुढे आले तर लेखी परीक्षा. ८०० मीटरला काही सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण जातात, आणि गुण गेले की वर्ष जाते. श्वास कसा घ्यावा, टाच आधी टेकवू नये, हे आम्हांला तिने शिकवले. तिच्या पायांत मात्र भावाचे जुने बूट होते, पुढे कापूस कोंबलेले. आमच्या त्या शर्यतीचे प्रवेशशुल्क आणि दोघींच्या बुटांची किंमत यांची बेरीज आम्ही एकदा मनात करून पाहिली आणि मग ती पुन्हा केली नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने विचारले, "मॅडम, कितवा नंबर आला?"

आम्ही सांगितले की तेथे नंबर नसतो. म्हणजे असतो, पण तो पुढच्या मंडळींचा. बाकी जे कोणी शर्यत पूर्ण करतात त्या सगळ्यांना पदक मिळते.

"सगळ्यांना?"

"पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना."

तिने क्षणभर विचार केला. "मग बरं आहे," असे म्हणून ती पुढच्या फेरीला निघून गेली. त्यात टोमणा नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. टोमणा असता तर सोपे झाले असते. जेथे सहभाग म्हणजेच यश असे एक जग आपल्या मॅडमच्या वाट्याला आले आहे, याचे तिला खरेच बरे वाटले होते.

जानेवारी २०२३ मध्ये तिची चाचणी झाली. तिच्याही छातीवर क्रमांक होता. ती राहिली, किती गुणांनी ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यानंतर पाच-सहा महिने ती मैदानावर आली नाही. तिने ते ८०० मीटर पूर्ण केले होते, हे सांगायला हवे. अपूर्ण राहिली होती ती आमची शर्यत, आणि नारळ आमच्या घरी होता.

आमच्या महाविद्यालयापासून गोळेश्वर फार लांब नाही. कराडजवळचे हे गाव खाशाबा जाधवांचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कराडच्या स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली, तिच्यात १५१ बैलगाड्या होत्या, आणि एरवी काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. खाशाबांनी नंतर कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले, १९५५ मध्ये पोलीस दलात नोकरी धरली, आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आम्हांला ती मिरवणूक डोळ्यांसमोर आणायला आवडते. १५१ गाड्या म्हणजे ३०२ बैल. त्यांची शिंगे रंगवायलाच गावांनी किती वेळ घेतला असेल. गळ्यात पदक घालण्याची रीत यायला अजून आठ वर्षे होती. मधल्या गाडीत बसलेल्या माणसाने ते हातात धरले होते की खिशात ठेवले होते, कोण जाणे. ते त्याला दाखवावे लागलेच नसेल.

२०२३ च्या डिसेंबरात दोघी पुन्हा त्याच शर्यतीला गेलो आणि पुन्हा त्याच उतारावरून, या खेपेला मैदानापर्यंत, धावलो. दोघींना पदके मिळाली. त्यामुळे जुने पदक खरे होईल अशी एक अस्पष्ट आशा होती. तसे झाले नाही. ते विभागाच्या कपाटात गेले ते तेव्हा. प्राचार्यांना सांगायचे ठरवत होतो, पण ते निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोपसमारंभात हा विषय काढणे बरे दिसले नसते. आता ते मुलाकडे पुण्याला असतात, पत्ता आमच्याकडे आहे.

ती मुलगी २०२४ च्या भरतीत निवडली गेली. पावसाळ्यात चाचणी झाली, मग लेखी, मग यादी. प्रशिक्षणाला जाण्याआधी ती विभागात आली ती साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका घेऊन. नमस्कार केला, दोघींच्या हातांवर पेढा ठेवला आणि नंतर सांगितले, "झालं मॅडम." यशाची बातमी आपल्याकडे पेढ्याआधी सांगत नाहीत, समोरच्याच्या तोंडात गोड पडले की मग आपले तोंड उघडायचे. ८०० मीटर किती वेळात पळाली, ते आम्ही दोनदा विचारल्यावर सांगितले.

तिला काहीतरी द्यावे असे फार वाटले. कपाटात पुस्तके होती, पण प्रशिक्षणकेंद्रात ती पुस्तके घेऊन काय करणार? तेव्हा आमच्यातील एकीला घरी पडलेला तो शर्ट आठवला. कोरा, हलका, घाम लगेच वाळवणारा. कसरतीला उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी तो आणून तिला दिला. तिने पिशवीतून काढला, उलगडला, पाठीवरची अक्षरे वाचली. २१ किमी. फिनिशर. मग पुन्हा नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"मॅडम, एवढं मी कधी पळाले नाही. घातला तर तिथं कुणीतरी विचारेल."

काकांना ती ओळखत नव्हती. कलमे तिला कोणी शिकवलेली नव्हती. तेव्हा आमच्यातील जिचा तो शर्ट होता तिने, सांगायचे असे काही ठरवलेले नसताना, सगळे सांगून टाकले : गुडघा, गाडी, मुलगा, वाकणे, शाल. दुसरीने छायाचित्राचे सांगितले. मुलगी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आता निराशा उमटेल अशी आम्ही वाट पाहत होतो. वर्गात ज्यांना आपण नैतिकतेविषयी काही सांगितलेले असते त्यांच्यासमोर अशी वाट पाहणे सोपे नाही.

"मग त्या नारळांचं काय केलं होतं?" तिने विचारले.

वड्या केल्या होत्या. डब्यात घालून मैदानावर आणल्या होत्या, सगळ्यांना एकेक दिली होती.

"हो, आठवलं," ती म्हणाली. "मी दोन खाल्ल्या होत्या."